मौलाना अबुल कलाम आझाद आणि नगरचा किल्ला

नगरचा भुईकोट किल्ला आपल्यापैकी प्रत्येकाने निदान बाहेरून तरी पाहिलेला आहे. अहमद निजामशहाने १४९० च्या सुमारास हे शहर वसविले आणि त्याच्या घराण्याने हा किल्ला उभा केला. चांदबीबीने मोगल फौजेशी येथूनच झुंज दिली. १८०३ साली किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे कैदी ठेवण्यासाठीही त्याचा उपयोग होऊ लागला. शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. किल्ल्याचा खंदक आणि तट मात्र जुन्या आठवणी सांगत उभे आहेत.

या आठवणींतील एक आपल्या समाजाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी देशातील बारा पुढारी या किल्ल्यात बंदिवान म्हणून आले. त्यांचे अध्यक्ष होते मौलाना अबुल कलाम आझाद. हेच मौलाना पुढे स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. ज्यांनी विद्यार्थी म्हणून कॉलेजच्या वर्गात एक दिवसही घालविला नाही, त्यांच्या हातून देशातील उच्च शिक्षणाची घडी बसली. हे कसे घडले, आणि त्यांत सोबत्यांचा, संगतीचा वाटा किती होता, हे आपल्या पालकांनी व विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

घर हाच मदरसा

मौलानांचा जन्म ११ नोव्हेंबर १८८८ रोजी मक्का शरीफ येथे झाला. नाव ठेवले मोहियुद्दीन अहमद. वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे आलिम व पीर होते. आई मदीना येथील अरब घराण्यातली. मौलाना लहान असतानाच कुटुंब कलकत्त्यास येऊन स्थायिक झाले.

वडिलांचा पाश्चात्य शिक्षणावर विश्वास नव्हता. त्या काळी कलकत्त्यात सरकारी मदरसा होता, पण तोही त्यांच्या पसंतीस उतरला नाही. त्यांनी प्रथम स्वतः मुलाला शिकविले आणि नंतर एकेका विषयासाठी नामांकित उस्ताद घरीच बोलाविले. अरबी, फारसी, फिका, तर्कशास्त्र, गणित, तत्त्वज्ञान असा जुन्या पद्धतीचा सारा अभ्यासक्रम या मुलाने वयाच्या सोळाव्या वर्षी पुरा केला. इतर विद्यार्थी तो विशी-पंचविशीत संपवीत असत. जे शिकलो ते दुसऱ्यास शिकविता आले म्हणजेच शिक्षण पुरे झाले, असा तेव्हाचा दंडक होता. म्हणून वडिलांनी सुमारे पंधरा विद्यार्थी जमविले आणि मिसरूडही न फुटलेला हा मुलगा त्यांना तत्त्वज्ञान आणि गणित शिकवू लागला.

हे सारे वाचताना कौतुक वाटते. परंतु या बालपणाला एक उणीव होती. बरोबरीची मुले, खेळगडी, वर्गातले सोबती यांचा सहवास या मुलास जवळजवळ मिळालाच नाही. पुस्तक आणि उस्ताद हेच त्याचे जग. जे नवे वाटेल ते एकट्याने, आणि पुष्कळदा घरच्यांच्या नजरेआड शिकावे लागे. सतार शिकण्याची ओढ लागली तीही अशीच चोरून पुरी करावी लागली.

इंग्रजीची मुळाक्षरे

याच सुमारास सर सय्यद अहमद खान यांचे लेखन मौलानांच्या हाती आले. आधुनिक शास्त्रे आणि इंग्रजी यांवाचून आजच्या जगात माणूस खऱ्या अर्थाने सुशिक्षित होऊ शकत नाही, हे त्यांना पटले. पण शिकविणार कोण? त्यांनी एका ओळखीच्या मौलवींकडून इंग्रजीची मुळाक्षरे शिकून घेतली आणि प्यारीचरण सरकार यांचे पहिले पुस्तक वाचले. पुढचा मार्ग त्यांनी स्वतःच शोधला. इंग्रजी बायबल समोर ठेवावे, शेजारी त्याचा फारसी आणि उर्दू तर्जुमा ठेवावा, आणि ओळीस ओळ लावून अर्थ काढावा. मग शब्दकोश घेऊन इंग्रजी वर्तमानपत्रे वाचावी. अशा रीतीने थोड्याच काळात ते इतिहास व तत्त्वज्ञानाचे इंग्रजी ग्रंथ वाचू लागले.

मुले-मुली उर्दू माध्यमातून दहावी होतात आणि कॉलेजमध्ये मराठी वा इंग्रजी पुस्तक पाहून बिचकतात, असा अनुभव आपल्या अनेक घरांत येतो. त्यांनी मौलानांची ही युक्ती जरूर करून पाहावी. येणाऱ्या भाषेचा हात धरून न येणारी भाषा शिकता येते.

मौलाना कैरोच्या जगप्रसिद्ध अल-अझहर विद्यापीठात शिकले, असे पुष्कळ ठिकाणी छापले गेले. हे खरे नव्हे. तरुणपणी, १९०८ च्या सुमारास, त्यांनी इराक, इजिप्त, सीरिया, तुर्कस्तान या देशांचा प्रवास केला. कैरोस अल-अझहर पाहिलेही. परंतु तेथील अभ्यासपद्धती त्यांस सदोष वाटली. त्यांच्या नावापुढे शेवटपर्यंत कोणतीही पदवी कमाईने लागली नाही. दीनी शिक्षणाची सनद घरची आणि दुनियेच्या शिक्षणाची सनद स्वतःच्या मेहनतीची!

अलीगढची बिरादरी

कलकत्त्यात हा तरुण एकटा शिकत होता, त्याच काळात अलीगढच्या कॉलेजात मात्र शिक्षणाचे निराळेच रूप घडत होते. सर सय्यद यांनी तेथे वर्गांइतकेच वसतिगृहालाही महत्त्व दिले होते. निरनिराळ्या प्रांतांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, वादविवाद करीत, आणि कॉलेज सोडल्यावरही एकमेकांस भाऊच मानीत.

१८९० साली तेथील विद्यार्थ्यांनी साहेबजादा आफताब अहमद खान यांच्या पुढाकाराने अंजुमन-उल-फर्ज, म्हणजे कर्तव्य मंडळ, स्थापन केले. सुटीत गावोगाव फिरून वर्गणी जमवावी आणि त्यातून गरीब मुलांच्या फीची सोय करावी, हे त्याचे काम. दारोदार झोळी घेऊन फिरण्यात या सुखवस्तू घरच्या मुलांना कमीपणा वाटला नाही. हेच आफताब अहमद खान पुढे, १९२४ मध्ये, अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

त्याच कॉलेजातून डॉ. झाकिर हुसेन आले. १९२० साली असहकाराची हाक आली, तेव्हा अलीगढचे काही विद्यार्थी आणि शिक्षक कॉलेज सोडून बाहेर पडले आणि २९ ऑक्टोबर १९२० रोजी जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. या नव्या विद्यालयाच्या पाठीशी जे नेते उभे राहिले त्यांत मौलाना आझाद होते. पुढे झाकिर हुसेन शिक्षणासाठी बर्लिनला गेले. तेथे आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब हे दोन मित्र त्यांना मिळाले. तिघांनीही जामियास वाहून घेण्याचे ठरविले आणि १९२६ साली ते परतले, तेव्हा संस्था पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात होती. तुटपुंज्या पगारावर त्यांनी ती जगविली. झाकिर हुसेन १९४८ पर्यंत तिचे कुलगुरू होते आणि त्यांच्यानंतर ती धुरा मुजीबसाहेबांनी १९७३ पर्यंत वाहिली. विद्यार्थिदशेतील दोस्ती किती मोठे काम करून जाते, याचा हा दाखला होय.

लेखणी आणि नजरकैद

मौलानांचे कार्य या काळात लेखणीच्या मार्गाने चालू होते. १३ जुलै १९१२ रोजी त्यांनी कलकत्त्यास अल-हिलाल हे उर्दू साप्ताहिक सुरू केले. त्याचा खप आठवड्याला पंचवीस हजारांच्या वर गेला. सरकारने दोन हजारांचा जामीन जप्त केला, नंतर दहा हजारांचा मागितला आणि तोही गेला. पत्र बंद पडताच त्यांनी अल-बलाग काढले. मग १९१६ मध्ये त्यांस बंगालमधून हद्दपार करण्यात आले आणि रांचीस ते नजरकैदेत राहिले.

नजरकैदेतही त्यांनी काय करावे? रांचीच्या मुसलमानांस जमवून १९१७ साली मदरसा इस्लामिया उभा केला. स्वतःच्या पायांत बेडी असताना दुसऱ्यांच्या मुलांसाठी शाळा बांधणारा हा माणूस होता.

सुटकेनंतर गांधीजींची भेट झाली आणि ते खिलाफत व असहकाराच्या चळवळीत उतरले. १९२३ साली दिल्लीच्या खास अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस होते. तुरुंगाच्या वाऱ्या चालू असतानाच तर्जुमान-उल-कुरआन या भाष्याचे पहिले दोन खंड १९३१ आणि १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९४० साली ते पुन्हा काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

किल्ल्यातील बारा जण

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईस छोडो भारतचा ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे धरपकड झाली. खास आगगाडीने सर्वांना रवाना करण्यात आले. गांधीजींना वाटेत चिंचवडला उतरवून पुण्यास आगाखान पॅलेसमध्ये नेले आणि कार्यकारिणीची मंडळी नगरला आली. मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभि सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव, असे हे बारा जण.

यांच्यात मतभेद पुष्कळ होते, स्वभाव भिन्न होते. तरी एका अंगणाभोवतीच्या ओळीने असलेल्या खोल्यांत राहणे, एकत्र जेवणे, फुलझाडे लावणे आणि वाचणे यांतून तेथे एखाद्या वसतिगृहासारखे जीवन सुरू झाले. आणि हे वसतिगृह सामान्य विद्वानांचे नव्हते. कृपलानी पूर्वी गुजरात विद्यापीठाचे आचार्य होते. सय्यद महमूद अलीगढ आणि केंब्रिजला शिकून जर्मनीत डॉक्टरेट मिळविलेले होते. नरेंद्र देव काशी विद्यापीठाचे नामांकित अध्यापक, पाली आणि बौद्ध तत्त्वज्ञानाचे पंडित. त्यांनी येथे अभिधर्मकोश या कठीण बौद्ध ग्रंथाच्या हिंदी अनुवादाचे काम केले. नेहरूंनी भारताच्या शोधावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ १९४४ मध्ये याच किल्ल्यात लिहिला आणि ज्या सोबत्यांशी चर्चा करून आपल्याला लाभ झाला त्यांत आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांची नावे आवर्जून नमूद केली.

बालपणी ज्यांना वर्गसोबती लाभले नाहीत, त्या मौलानांना ते वयाच्या चौपन्नाव्या वर्षी तुरुंगात लाभले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. कोणी संस्कृताचा, कोणी फारसीचा, कोणी युरोपच्या इतिहासाचा जाणकार. एकाने विचारावे, दुसऱ्याने सांगावे. विद्यापीठ म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. नरेंद्र देव १९४७ मध्ये लखनौ विद्यापीठाचे आणि १९५१ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मौलाना साऱ्या देशाचे शिक्षणमंत्री झाले. किल्ल्याच्या तटाआड राहिलेल्या या बारा जणांतून देशाच्या उच्च शिक्षणास असे दोन धुरीण मिळाले.

गुबार-ए-खातिर

पहाटे चारच्या सुमारास उठावे, स्वतःच्या हाताने चहा करावा आणि लिहावयास बसावे, असा मौलानांचा नेम होता. ते आपले स्नेही नवाब सदर यार जंग मौलाना हबीबुर रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहीत. हे शेरवानीसाहेब हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे आरंभीचे कुलगुरू होते, म्हणजे तेही विद्येच्याच बिरादरीतले. ही पत्रे धाडता येणार नव्हती. तरी मौलाना लिहीत राहिले. १९४६ साली ती गुबार-ए-खातिर या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि उर्दू गद्याचा एक अमोल ठेवा ठरली.

त्यांत नगरच्या किल्ल्याचा इतिहास आहे, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या आहेत, संगीत आहे आणि बिनदुधाच्या चिनी चहाचे गुणगानही आहे. तुरुंगाच्या इंग्रज अधीक्षकास मौलानांनी चीताखान असे नाव ठेवले होते. चांदबीबीच्या काळात किल्ल्यात त्या नावाचा एक हबशी अंमलदार होता, त्यावरून ही थट्टा. नगरच्या मुलांनी तरी हे पुस्तक वाचलेच पाहिजे. उर्दू येत नसेल त्यांनी ते येणाऱ्याकडून वाचून घ्यावे.

त्याच पत्रांत एक अत्यंत हृदयद्रावक पत्र आहे. मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यास आजारी होत्या. दुखणे वाढल्याची वार्ता आली, तेव्हा मौलानांना काही विनंती करावयाची असल्यास ती तत्काळ सरकारकडे पोहोचवू, असे अधीक्षकाने सुचविले. मौलानांनी साफ नकार दिला. ज्या सरकारशी लढा चालू आहे त्याच्याकडे स्वतःसाठी सवलत मागणे त्यांच्या मनास मानवले नाही. ९ एप्रिल १९४३ रोजी जुलेखा बेगम पैगंबरवासी झाल्या. शेवटची भेट झाली नाही. किल्ल्याच्या आवारात कोणा अज्ञाताची एक जुनी कबर होती. त्या दिवसांत मौलानांचे लक्ष वारंवार तिच्याकडे जाई. थोड्याच महिन्यांत बहीण आबरू बेगम यांच्या निधनाची बातमी आली. एवढे होऊनही त्यांनी दिनक्रम मोडू दिला नाही.

एप्रिल १९४५ मध्ये त्यांना येथून बंगालमधील बांकुडा येथे हलविले आणि जूनमध्ये त्यांची सुटका झाली.

शिक्षणमंत्री

१९४७ च्या जानेवारीत मौलानांनी शिक्षणखाते हाती घेतले ते २२ फेब्रुवारी १९५८ रोजी दिल्लीत त्यांचा इंतकाल होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

प्रारंभच फाळणीच्या आगीत झाला. अलीगढ विद्यापीठाचे भवितव्य काय, असा प्रश्न होता. फाळणीपूर्वीच्या कडव्या दिवसांत अलीगढच्याच रेल्वे स्टेशनवर काही विद्यार्थ्यांनी मौलानांचा अपमान केला होता. त्यांनी तो मनात धरला नाही. विद्यापीठ टिकावे म्हणून ते पाठीशी उभे राहिले, १९४८ मध्ये झाकिर हुसेन तेथे कुलगुरू म्हणून गेले, आणि १९४९ मध्ये पदवीदान समारंभाचे भाषण करण्यास स्वतः मौलाना गेले. अपमानाचा बदला असाही घेता येतो.

१९४८ साली डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. झाकिर हुसेन त्याचे एक सदस्य होते. १९५२ मध्ये माध्यमिक शिक्षणासाठी मुदलियार आयोग नेमला गेला. १८ ऑगस्ट १९५१ रोजी खरगपूरच्या पहिल्या आयआयटीचे उद्घाटन मौलानांच्या हस्ते झाले. ही संस्था सुरू झाली ती हिजलीच्या जुन्या बंदिवासात, जेथे इंग्रजांनी क्रांतिकारकांस डांबले होते व १९३१ साली त्यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. आयुष्याची अनेक वर्षे तुरुंगात काढलेल्या शिक्षणमंत्र्याने एका तुरुंगाचे दार विद्यार्थ्यांसाठी उघडावे, हा मोठा योग होय. २८ डिसेंबर १९५३ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन त्यांनी केले आणि १९५६ मध्ये त्यास कायद्याचे अधिष्ठान मिळाले. संगीत नाटक, साहित्य आणि ललित कला या तिन्ही अकादमी त्यांच्याच कारकिर्दीतल्या. चोरून सतार शिकलेल्या मुलाने मोठेपणी देशाला संगीताची अकादमी दिली!

सर्वच मनोरथ पुरे झाले असे नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलास दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे राज्यघटनेतील उद्दिष्ट त्यांच्या हयातीत गाठले गेले नाही. पैसा अपुरा होता, आणि प्राथमिक शिक्षण बहुतांशी राज्यांच्या हाती होते. परंतु पाया घातला गेला. १९९२ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले आणि २००८ पासून ११ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जाऊ लागला. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेस दिला होता. जुम्मा मशिदीजवळ त्यांची मजार आहे.

आपल्यासाठी

पालक बंधू-भगिनींनो, मौलानांचे चरित्र सांगून कोणी म्हणेल की ते कॉलेजात न जाता मोठे झाले, मग आमच्या मुलांनी तरी का जावे? ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी मंत्री झाल्यावर मौलानांनी काय केले ते पाहावे. आपण जे एकट्याने, लपूनछपून आणि दुप्पट कष्टाने मिळविले, ते पुढच्या मुलांना उघड्या दाराने मिळावे यासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची अकरा वर्षे वेचली. दीनी तालीम आणि आधुनिक विद्या यांत वैर नाही, हे त्यांनी स्वतःच्या जीवनाने दाखविले. दहावी झाली की मुलाला गॅरेजवर नि मुलीला घरात बसविणे, ही त्या दाराला आपणच लावलेली कडी आहे.

नगरच्या मुलांना तर आता दूर जाण्याचीही सबब नाही. १९४७ साली, म्हणजे देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले. त्यानंतर जिल्ह्यात ठिकठिकाणी महाविद्यालये निघाली.

विद्यार्थी मित्रांनो, कॉलेजात गेल्यावर केवळ हजेरी आणि गुण यांवर समाधान मानू नका. अभ्यासू सोबती जोडा. दुसऱ्या धर्माचे, दुसऱ्या भाषेचे सोबतीही जोडा, जसे ते किल्ल्यातील बारा जणांना लाभले. आणि शिकून पायावर उभे राहिलात की अंजुमन-उल-फर्जच्या त्या विद्यार्थ्यांची आठवण ठेवून आपल्या मागून येणाऱ्या एका तरी मुलाची किंवा मुलीची फी भरा. आपल्या संस्थेच्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने एवढे मनावर घेतले, तर पुढच्या पिढीतील एकाही मुलाला पैशापायी कॉलेज सोडावे लागणार नाही.

अल्लाह तआला आपणा सर्वांना ही तौफीक देवो. आमीन.